नारळाआधी जाळी

खंडेनवमीला आमच्या डाळ मिलमध्ये काम बंद असतं, पण घाई रोजच्यापेक्षा जास्त. मिल लातूरची, सासऱ्यांनी उभी केलेली, आता मी चालवते. माहेर माझं हिमायतनगरचं. जीभ मी तिकडूनच आणली असं सासूबाई म्हणायच्या. म्हणोत बापड्या. त्याच जिभेवर आज मिल चालते.

नवमीला सकाळी फरशी धुऊन व्हायची, झेंडूचे हार यायचे आणि मग आमचे मिस्त्रीमामा पाना घेऊन मोठ्या पट्ट्याची जाळी काढायला बसायचे. मोटारीपासून वर चाळण्यांकडं जाणारा हा रुंद पट्टा आणि त्याची पुली म्हणजे मिलचं काळीज. कुणाचा हात आत जाऊ नये म्हणून त्याला लोखंडी जाळी. पण मामांचं म्हणणं, "देव आत आन् कुंकू जाळीला, हे जमायचं न्हाई." जाळी निघायची, पुलीला कुंकू लागायचं, आणि काढलेली जाळी भिंतीला टेकून पार दिवाळीच्या पाडव्यापर्यंत उभी राहायची. नवमीला मोकळं केलेलं यंत्र लक्ष्मीपूजनाआधी कोंडायचं नसतं म्हणे! आणि नेमक्या याच दिवसांत फराळाच्या हरभरा डाळीच्या ऑर्डरी. सकाळपासून मिल नुसती धडधडत असायची.

मामांना वेडं ठरवायचीही सोय नव्हती. त्यांच्या उजव्या हाताला करंगळीशेजारचं बोट नाही. कुंकू लावायचं तेच बोट. आधीच्या एका मिलमध्ये पट्ट्यानं नेलं. त्या साली तिथं पूजा झाली नव्हती, एवढंच मामांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. "यंत्राला उपाशी ठेवलं की ते आपला वाटा घेतंय, अक्का," असं ते मला सांगायचे आणि डोळे मिटून मधल्या बोटानं पुलीला कुंकू लावायचे. स्वतःसाठी नाही, आमच्या सगळ्यांच्या हातापायांसाठी. आता अशा माणसाशी कोणत्या तोंडानं वाद घालायचा?

माझा जीव टांगणीला असायचा तो मावशींपायी. पट्ट्याखाली सांडलेली डाळ झाडायचं काम त्यांचं. उदगीरकडच्या, हातभर हिरव्या बांगड्या, आणि वाकल्या की पदर सुटलाच म्हणून समजा. "मावशी, पदर खोचा!" ओरडून ओरडून माझा घसा बसायचा. "खोचलाय की, अक्का," म्हणायच्या आणि पुन्हा वाकायच्या.

अशाच एका दिवाळीच्या तोंडावर कारखाने तपासणारे नवे साहेब आले. घ्या, म्हटलं, एवढंच राहिलं होतं! साहेब थेट पट्ट्यापाशी जाऊन उभे राहिले.

"ताई, याची जाळी कुठंय?"

"आराम करून राहिली," मी म्हणाले. चहासुद्धा विचारला नाही.

"मिल थांबवा. आधी जाळी बसवा."

झालं, माझं डोकं फिरलं. "साहेब, ऑर्डर तोंडावर आलीय. पाडव्यानंतर या, जाळीच काय, दारं-खिडक्या बसवून दाखवते!"

माझी सरबत्ती चालूच होती, तेवढ्यात वर खिळ्याला अडकवलेल्या नवमीच्या हाराचा दोरा तुटला. वाळका हार, त्याचं एक टोक पट्ट्यावर पडलं, आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच अख्खा हार सुर्रकन आत ओढला गेला. बाहेर आला तो नुसता भुगा. तो पिवळा भुगा खाली वाकलेल्या मावशींच्या केसांवर पडला, पाठीवर पडला, आणि सुटलेल्या पदरावरही पडला.

मी पळत जाऊन लाल बटण दाबलं. मिल गप्प झाली. मावशींना हाताला धरून पट्ट्यापासून लांब ओढलं.

"पूजा झालीय," मामा म्हणाले, "माणसाला काय हुत न्हाई." पण आवाजात जोर नव्हता.

साहेब डाळीच्या पोत्यावर बसले. "नोटीस द्यायची ती मी देईनच," ते म्हणाले, "पण पुढच्या नवमीला ही जाळी पुन्हा निघणार, त्याचं काय करायचं ते बोलू. आमच्याकडं दसऱ्याला धम्मचक्र प्रवर्तन दिन असतो, पांढरे कपडे घालून आम्ही विहारात जातो. तुमची ही पूजा मला ठाऊक नाही. मामा, पहिल्यापासून सांगा बरं."

सरकारी माणसानं मामांना असं कधी काही विचारलंच नव्हतं. मामा खुलले. यंत्र धुणं, जाळी काढणं, हळदकुंकू, हार, आरती आणि सगळ्यात शेवटी नारळ. नारळ फुटल्याशिवाय पूजा पुरी नाही, प्रसाद नाही, कुणी घरी जात नाही.

"मग नारळाआधी जाळी बसवली तर?" साहेबांनी विचारलं.

मामा घुटमळले. "देवाला कोंडल्यासारखं हुतंय, साहेब."

इथं मात्र मला राहवेना. "मामा, तुळजापूरला दर्शन झाल्यावर तुम्ही गाभाऱ्यातच मुक्काम ठोकता का? पुजारी दार लावतेतच ना? कोंडली जाते का आई?"

मावशी केसांतला भुगा झटकत आधी हसल्या. मग मामाही हसले. "तसं म्हणलं तर हाव."

त्याच दुपारी जाळी बसली. नंतर साहेबांच्या सांगण्यावरून मी तिला बिजागरीचं दार करून घेतलं आणि असा खटका बसवला की दार उघडं असलं तर मोटार सुरूच होत नाही. मामांनी हट्ट धरला, रंग पिवळाच हवा, हळदीचा. साहेब म्हणाले, आम्हीही पिवळाच सांगणार होतो, धोक्याच्या इशाऱ्याचा. काम बघायला ते पुन्हा आले तेव्हा मी चहा दिला, सोबत शेंगदाण्याची चटणी लावून भाकरीही. लई भारी वाटलं मला त्या दिवशी, खोटं कशाला बोलू?

यंदाच्या नवमीला पिवळं दार उघडलं. कुंकवाची वाटी घेऊन मामा पुलीसमोर उभे राहिले आणि तसेच थांबले. मग वळून म्हणाले, "मावशे, इकडं ये. तुझं बोट हाय. तू लाव."

मावशींनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. त्यांनी पदर खोचला, करंगळीशेजारचं बोट कुंकवात बुडवलं आणि पुलीला टेकवलं. मामा त्या बोटाकडं बघतच राहिले. मग त्यांनी स्वतः दार लावलं, खटका नीट बसला का ते हलवून बघितलं, मावशींनाही हलवून बघायला लावलं, आणि म्हणाले, "फोडा आता नारळ."