लॉनवरची पावलं

आमच्या घरात गवत हा भांडणाचा विषय होता. सासूबाईंचा सगळा जन्म लासूर स्टेशनच्या पलीकडच्या शेतात खुरपण्यात गेला, आणि त्यांच्या थोरल्या लेकानं, म्हणजे आमच्या ह्यांनी, चिकलठाण्याच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर घरापुढं लॉन लावलं. तेही विकत आणून! सासूबाई पायरीवर बसून म्हणायच्या, "आमी हरळी उपटू उपटू मेलो, अन् ह्यो शहाणा तिला खत घालतोय. माणसाला नळाचं पाणी आठ-आठ दिवस नाय, अन् गवताला रोज आंघोळ!" हे नुसते हसायचे. मला काही हसू यायचं नाही, कारण बोअरची मोटर बिघडली की बादल्या मलाच उचलाव्या लागत.

पहिल्या वर्षी ह्यांनी शेतातल्यासारखा युरिया मुठीनं फेकला. भर दुपारी, पात्यांवर ओल असताना. दोन-तीन दिवसांत जिथं जिथं मूठ उघडली होती तिथं तिथं गवत करपलं. पार विळ्याच्या आकाराचे पट्टे! मग महाशय पाइप घेऊन सकाळ-संध्याकाळ तिथं पाणी मुरवत बसले, खत खाली धुऊन जावं म्हणून. जे मेलं ते खरवडून काढलं आणि कडेचे तुकडे आणून लावले. त्यानंतर मात्र सगळं शिस्तीत सुरू झालं. खत मोजून घ्यायचं, त्याचे दोन भाग करायचे, एक उभा टाकायचा, एक आडवा, तोही ऊन उतरल्यावर, कोरड्या पात्यांवर, आणि लगेच भरपूर पाणी.

तणनाशकाच्या बाबतीत तर हे नुसते सोवळं पाळायचे. त्याचा पंप वेगळा, त्याला लाल रंगाचा पट्टा. गावाकडं एकदा पंपात उरलेल्या तणनाशकानं अख्खी कपाशी वाकडी झाली होती, तो धसका होता. वारा असेल तर फवारणी नाही. हातमोजे, तोंडाला फडकं, पायांत गमबूट. वाळेपर्यंत कुणी तिकडं फिरकायचं नाही, आणि ओल्या बुटांनी लॉनवर पाय ठेवायचा नाही म्हणजे नाही. मी एकदा फवारलेल्या जागेतून चपला घालून लॉनवर निघाले तर हे केवढ्यांदा ओरडले होते, "भिंतीकडून जा! पाऊल टाकशील तिथं गवत मरेल!"

आणि नेमकं तेच त्यांनी स्वतः केलं.

त्या संध्याकाळी फाटकाजवळच्या फरश्यांच्या सांध्यांतलं गाजरगवत मारायला ते लाल पट्ट्याचा पंप पाठीवर घेऊन गेले. वारा पडला होता. सासूबाई कॉलनीतल्या देवळात गेल्या होत्या. मी स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून शेंगदाण्याची चटणी मिक्सरवर फिरवत होते. ओट्यासमोर भिंत आहे आणि खिडकी माझ्या पाठीमागं. चटणी झाली, मी चहा टाकला आणि ह्यांना बोलवायला बाहेर आले. फाटकाजवळ पंप नीट उभा करून ठेवला होता आणि त्याच्या शेजारी हे पडले होते. डॉक्टर म्हणाले, हृदय. बस, एवढंच.

आमच्याकडं रीत आहे. माणूस गेला की त्याचं डोकं जिथं ठेवलं होतं तिथं रात्री पीठ पसरतात, दिवा लावतात, वर टोपलं झाकतात. सकाळी टोपलं उचलून बघायचं, पिठावर काय उमटलं. पक्ष्याचं पाऊल, गाईचा खूर, काहीही. गेलेला जीव कुठं गेला ते त्यावरून ओळखायचं. सासूबाईंनी स्वतः टोपलं उचललं. पीठ जसंच्या तसं होतं. त्या लेकासाठी तोवर रडल्या नव्हत्या, पण तिथं रडल्या. "कुटं गेला गं माझा बाप्पा? काहीच कसं सांगून गेला नाय?"

तेराव्याचं जेवण उरकून पाहुणे गेले आणि मग ती पावलं दिसायला लागली. आधी वाटलं, पाणी कमी पडलं. पण डाग रोज पिवळे होत गेले आणि त्यांना आकार आला. डावा, उजवा, डावा, उजवा. फाटकापासून निघून लॉन तिरकं कापत थेट स्वयंपाकघराच्या खिडकीपर्यंत. खिडकीखाली दोन पावलं जोडीनं उभी, बाकी सगळ्यांपेक्षा जास्त मेलेली. आणि परत जाणारं एकही पाऊल नाही!

मी झटकन मागं सरले. सासूबाईंनी मात्र पदर डोक्यावर घेतला आणि हात जोडले. "बघ. पिठावर नाय, पर गवतावर आला. आला अन् गेला नाय. घरातच हाय त्यो."

धाकट्या दिराला गावाहून बोलावलं. तो शेतकरी माणूस, खाली बसून माती चिमटीत घेतली आणि लगेच म्हणाला, "वहिनी, भ्यायचं काम नाय. हे तणनाशक हाय. दादा फवारता फवारता ओल्या बुटांनी इकडं आला असंल. हे औषध दहा-बारा दिसांनी दिसतं. हितं येऊस्तवर बूट गवतानं पुसले गेले, म्हणून माघारी गेलेलं उमटलं नाय. हितं जास्त मेलंय, म्हंजी हितं जरा टायम उभा व्हता." मग त्यानं फावडं मागितलं, तेवढं खरवडून टाकू म्हणाला. सासूबाई पावलांच्या आडव्या बसल्या. "माझ्या लेकाला हात लावशील तर बघ!" तो बिचारा चहा पिऊन गेला.

दिराला वाटलं, माझी भीती गेली. उलट तिथूनच ती खरी सुरू झाली. भूत असतं तर परवडलं असतं, भुताला निदान नारळ देता येतो. पण ही ह्यांचीच पावलं होती, जिवंतपणीची. हा माणूस स्वतःचा नियम मोडून, जीव लावलेलं लॉन तुडवत, जवळच्या वाटेनं माझ्याकडं आला होता. खिडकीशी थांबला होता. छातीत कळ आली असेल. मग मला हाक मारली का? की माझी पाठ बघून नुसताच परत गेला? एवढंच मला हवं होतं, आणि तेवढंच सांगायला कुणी नव्हतं. भाजी चिरताना, भांडी घासताना पाठीमागं कुणी उभं आहे असं वाटायचं. वळून बघायची हिंमत व्हायची नाही. सासूबाई रोज खिडकीखाली वाटीभर पाणी ठेवायच्या आणि मी ते पाणी बघून आतल्या आत जळायची.

शेवटी एका सकाळी मी म्हटलं, "आई, जरा ओट्याशी उभ्या राहा. शेंगदाण्याची चटणी फिरवून द्या." सासूबाईंचे कान भलतेच तिखट. मांजर ओट्यावर चढलं तरी त्यांना मागच्या खोलीतून कळतं. त्यांनी भांडं बसवलं आणि मिक्सर सुरू केला. मी बाहेर गेले आणि त्या दोन पावलांवर माझी पावलं ठेवली.

जाळीतून त्यांची पाठ दिसत होती. अंबाडा, खांद्यावरून ओढलेला पदर, झाकण दाबून धरलेला हात. ह्यांनी शेवटचं जे पाहिलं ते हे असं. मी साध्या आवाजात म्हटलं, "आई." मग मोठ्यानं. मग जाळी हलवून, घसा फाटेस्तोवर, "आई, आई गं!" त्या वळल्या नाहीत.

मिक्सर थांबला. त्यांनी झाकण काढून वास घेतला, भांडं घेऊन वळल्या, आणि मग मी दिसले.

"तितं काय करतीस गं?"

"तुम्हाला हाका मारतेय."

"कवा? मला तर एकबी ऐकू आली नाय."

मग त्यांची नजर खाली, माझ्या पायांकडं गेली. त्यांना सगळं कळलं. त्यांनी भांडं खाली ठेवलं आणि ओट्याला धरून हळूहळू जमिनीवर बसल्या. मी धावत आत आले. आम्ही दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडलो, पहिल्यांदाच. जरा वेळानं त्या म्हणाल्या, "बुजव ते आता. लेकरू हाका मारत तितंच उभं ऱ्हायलंय. मोकळं कर त्याला."

आम्ही ह्यांच्याच पद्धतीनं केलं. मेलेलं गवत खरवडलं, माती उकरली, दोन-चार दिवस पाणी सोडून ती धुतली. शेणखत आणि वाळू घातली. कडेचे हिरवे तुकडे कापून बसवले. मुळं धरेपर्यंत खताचा कण टाकला नाही. फाटकाकडून मी लावत आले. खिडकीखालची दोन सासूबाईंनी लावली. जन्मभर हरळी उपटलेल्या हातांनी ती दाबून बसवली आणि वरून वाटीतलं पाणी घातलं.

आता लॉन एकसारखं झालं आहे. कुठं पावलं होती ते नव्या माणसाला सांगूनही दिसत नाही. मी वायरमन बोलावून खिडकीच्या भिंतीला नवा बोर्ड बसवून घेतला आणि मिक्सर तिथं नेला. चटणी फिरवताना आता माझं तोंड बाहेर असतं. मधेच बटण बंद करते आणि कान देऊन ऐकते. कुणी नसतं. मग पुन्हा सुरू करते.