लाल दिवा शांत झाला

महाडला नाक्याजवळ माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. तोंडाने मी फटकळ, हाताने चोख; गिऱ्हाईक शिव्या खाऊनही परत यायचं. त्या वर्षांत ड्रायव्हर लोकांना मीटरमध्ये एलईडी बसवायचं खूळ लागलं होतं. जुने पिवळे बल्ब काढायचे आणि निळाशार उजेड पाडायचा. "अरे, मीटर आहे की लग्नाचा मांडव?" असं विचारायचो आणि बसवून द्यायचो.

कुडपणचा एक वडापवाला होता. पोलादपूर ते कुडपण शिटा भरून जीप चालवायचा. तिशीतला, कमी बोलणारा. गाडीला लक्ष्मी म्हणायचा. रोज सकाळी आधी उदबत्ती, मग चावी. त्याच्या मीटरमधला ब्रेकचा लाल दिवा वळणावर पेटायचा आणि जायचा. ब्रेकचं तेल कमी होतं. मी तेल भरलं, सगळे बल्ब काढून एलईडी टाकले आणि त्याला दम दिला.

"तेल कुठूनतरी गळतंय. ब्रेकवाल्याला दाखव."

"शिमगा झाला की दाखवतो, मिस्त्री. आता मुंबईची माणसं यायचीत."

"मग या दिव्यावर रोज नजर ठेव. हँडब्रेक ओढून चावी फिरवलीस की हा पेटलाच पाहिजे, हँडब्रेक सोडलास की गेला पाहिजे. काही वेगळं दिसलं तर मला फोन कर. स्वतःची अक्कल पाजळू नकोस."

चार-पाच दिवसांनी पोलादपूरच्या बूथवरून त्याचा फोन आला. "मिस्त्री, तो लाल दिवा शांत झाला हाय. गाडी घेऊन येऊ काय?"

माझ्यापुढे तीन गाड्या उघड्या पडल्या होत्या. "शांत झाला ना? मग कशाला येतोस माझं डोकं खायला? धंदा कर."

"बरं," म्हणाला आणि फोन ठेवला.

शिमग्याच्या आदल्या दिवशी पोलादपूरला माणसं आणायला तो रिकामी गाडी घेऊन निघाला. कुडपणच्या उतारावर ब्रेक लागलाच नाही. जीप दरीत गेली. तो जागीच गेला.

जीप ओढून महाडला आणली तेव्हा मीटर मीच उघडलं. लाल एलईडी होल्डरमधून निसटून तळाला पडली होती. तिचे पाय बारीक, जुन्या होल्डरात घट्ट बसत नाहीत. खडीच्या रस्त्याने हादरून सुटली. तेल संपलं तरी ती पेटणार कशी? खरं सांगतो, मला दुःखाआधी राग आला. रोज बघ म्हणून घसा फोडून सांगितलं होतं गाढवाला! बघितलं असतं तर कळलं नसतं? दोन दिवस मी भेटेल त्याला हेच ऐकवत होतो. त्या रागाने मला बरं वाटत होतं.

पाचव्या दिवशी त्याच्या घरी गेलो. कोपऱ्यात पिठावर दिवा ठेवला होता, त्याच्या नावाचा. शेजारी त्याची बायको भिंतीला टेकून बसलेली. दारातून वारा आला आणि दिवा गेला.

त्याची आई सुनेला म्हणाली, "दिवा शांत झाला गो. लाव परत."

फोनवर त्यानेही हाच शब्द वापरला होता. देवापुढचा दिवा विझला म्हणू नये, हे आमच्याही घरात पाळतात. पण माझ्या दुकानात बल्ब उडतो, जळतो, मरतो. शांत होतं ते भांडण, नाहीतर रडणारं पोर.

"आई," मी विचारलं, "गाडीतल्या दिव्यालाही तो असंच म्हणायचा?"

"मग? लक्ष्मी ती त्याची. तिथं वंगाळ कसं बोलंल?" म्हातारीने डोळे पुसले. "चावी फिरवली तरी लाल दिवा लागत नाय म्हणून तुमाला फोन केलान ना त्यानं. घरी येऊन सांगितलान, मिस्त्री म्हणतात कायपण नाय, धंदा कर. लय भरवसा होता हो तुमच्यावर."

सून काडी ओढत होती. दोन काड्या वाऱ्याने गेल्या. मी उठून दार लोटलं आणि तिसरी पेटेपर्यंत तिथेच त्यांच्याकडे पाठ करून उभा राहिलो.