देहापलीकडचे पाय

कामरगावच्या मंगल कार्यालयात ध्यानाचं शिबिर भरलं, तेव्हा आमच्या ह्यांनी सगळ्यांच्या आधी नाव दिलं. ह्यांना शुगर आहे. गोळी घ्यायची आठवण राहत नाही, पण ध्यानाने शुगर उतरते हे पानटपरीवर कोणीतरी सांगितलेलं मात्र पक्कं ध्यानात राहिलं. सोबत मी हवीच होते, कारण मोटारसायकलवर मागे कोणी बसलं नाही तर ह्यांना करमत नाही. आमच्या भाजीच्या वाडीतल्या सांबाराच्या जुड्या, म्हणजे तुमची कोथिंबीर, अर्धवट बांधून मी देह जाणून घ्यायला निघाले.

मार्गदर्शक मोठ्या शहरातून आले होते. पांढरा झब्बा आणि आवाज इतका मऊ, की मागच्या रांगेतल्या बायका पहिल्याच सकाळी झोपी गेल्या. "डोळे मिटा," ते म्हणाले, "लक्ष उजव्या पायाच्या अंगठ्याकडे न्या. तिथे काय जाणवतं ते फक्त पाहा."

मी पाहायला गेले. अंगठ्याला भेग, घोट्यावर मुंगी, गुडघ्यात कळ आणि कमरेत तर आठवडी बाजार भरलेला. एरवी कामाच्या गडबडीत ह्यातलं काहीच ऐकू येत नाही. इथे निवांत बसवलं तर सगळेच तक्रार घेऊन हजर. मी हळूच पाय मोकळा केला. मार्गदर्शकांनी तेवढं बरोबर पाहिलं. "ताई, तुम्ही अजून देहात अडकल्या आहात."

खोटं नव्हतं. देह सोडून कुठे जायचं असतं, हे मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं.

आमचे हे मात्र हलले नाहीत. मार्गदर्शक जवळ जाऊन विचारायचे, "अंगठा जाणवतोय?" हे म्हणायचे, "हो." "तळवा?" "हो." "पाय दुखताहेत?" "कायीच नाई." उठायची वेळ झाली की सगळं कार्यालय पाय चोळत बसायचं, आणि हे आपले सरळ उभे. शेवटी मार्गदर्शकांनी ह्यांना पुढे बोलावलं आणि म्हणाले, "देहापलीकडे जाणं म्हणतात ते हे." टाळ्या पडल्या. त्या दिवसापासून हे घरातही डोळे अर्धे मिटून वावरायला लागले. भाजीत मीठ कमी पडलं की तेवढे पूर्ण उघडायचे. देहापलीकडचा रस्ता बहुतेक जिभेला वळसा घालून जात असावा.

आमच्या घराण्यात वाफ्यात चप्पल घालून कोणी जात नाही. अन्न जिथे उगवतं तिथे पायताण कसलं, असं सासऱ्यांचं म्हणणं होतं. त्यामुळे चपला बांधावर काढायच्या आणि अनवाणी आत शिरायचं. शिबिर संपल्यानंतरची गोष्ट. हे मेथीला पाणी देत होते आणि मी शेजारच्या वाफ्यात सांबार उपटत होते. हे बांधावर टेकले, तेव्हा मला दिसलं की ह्यांच्या ओल्या पावलाखालची माती लाल झाली आहे.

मी जवळ जाऊन पाय उचलून पाहिला. "अवं, टाचेत काटा हाये."

"कोनाच्या?" ह्यांनी विचारलं.

"तुमच्या."

ह्यांनी पाय वळवला आणि शेजाऱ्याचं काही पाहावं तसा पाहिला. बाभळीचा काटा आत मोडलेला होता, आणि तो आजचाही नव्हता. भोवतीची कातडी पांढरी पडून सुजली होती. "मले तं कायीच लागलं नाई," हे खुशीत म्हणाले. "ध्यानाचा फायदा पाह्य."

मला हसू यायला हवं होतं. पण मला आत्याचा पाय आठवला. रिठदच्या माझ्या आत्याला शुगर होती. तिचा पाय असाच, अजिबात न दुखता गेला. आधी बोट, मग पाऊल. मी ह्यांना मातीच्या पायांनीच मोटारसायकलवर बसवलं आणि कारंजाला डॉक्टरांकडे नेलं. त्या दिवशी मागे बसायचं मला सुचलंच नाही. गाडी मीच चालवली, आणि पोरीकडून शिकून घेतल्याचं सार्थक झालं.

डॉक्टरांनी काटा काढला, जखम धुतली. मग म्हणाले, "डोळे मिटा. मी पायाला हा धागा टेकवतो. जाणवला की हो म्हणा." डोळे मिटण्यात आता ह्यांचा हात कोणी धरला नसता. ऐटीत मिटले.

"हो," हे म्हणाले. थोडं थांबून पुन्हा, "हो."

डॉक्टरांचा हात हवेतच होता. धागा अजून पायाला लागलाच नव्हता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी खाली पाहिलं. कार्यालयातले ते सगळे 'हो' मला एकदम कळले.

परत येताना मी विचारलं, "तिथी शिबिरात जानवत नव्हतं, तं हो काहून म्हनत होते?"

"एवढ्या लांबून आलेला मानूस," हे मागून म्हणाले. "त्याले नाई कसं म्हनू?"

पाय वाचेल, पण रोज डोळ्यांनी पाहावा लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं आहे. आता हे बूट घालून वाफ्यात जातात. मेथीने अजून तरी राग धरलेला नाही. गोळी मी समोर उभी राहून देते. आणि दिवेलागणीला ह्यांचा पाय मांडीवर घेऊन मी एकेक बोट बाजूला करून बघते. माझं मन ह्या एवढ्या वेळात कुठेही जात नाही. मार्गदर्शकांना कळवायला हवं.

हे सवयीने डोळे मिटतात. मी बोटाला हात लावून विचारते, "लागून राह्यलं का?" आता हे "नाई" म्हणायला शिकले आहेत. शिबिरात झाली नाही ती प्रगती इथे झाली.

काल असेच डोळे मिटून बसले होते. मधेच म्हणाले, "तुया हात गरम हाये का थंडा?"

"गरम हाये," मी म्हटलं.

"बरं," हे म्हणाले.

पाय पाहून झाला होता. तरी मी तो मांडीवरून खाली ठेवला नाही.