मधू नागपूरला गेला नव्हता

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. घरातही नाही. तुम्हाला का सांगतोय — तेही नीट कळत नाही. मधूला जाऊन वर्ष होत आलं. कागद पुढे ओढतो, दोन ओळी लिहितो, थांबतो.

मधू माझा धाकटा भाऊ. आंधळगावातल्या आमच्या घरचा हातमाग त्यानेच चालवला; मी शिकलो, शाळेत मास्तर झालो. त्याला एचआयव्ही होता. घरात आम्हा दोघांनाच ते ठाऊक होतं.

एचआयव्ही कमी करण्याच्या सरकारी कामाला हातभार म्हणून गावात एक समिती होती — ग्रामपंचायत, बचत गटातल्या बायका, एक संस्था, आणि शाळेतर्फे मी. आजारी माणसाला दूर लोटू नका, हे भाषण माझ्याकडे असायचं. चांगलं करायचो मी ते. संस्थेच्या निर्मलाताई घरोघर औषध पोचवत. कुणाला सुगावा लागू नये म्हणून विणकरांच्या घरी त्यांनी साड्या पाहायला आलेलं गिऱ्हाईक होऊन जावं — ही युक्तीही माझीच.

मधू भंडाऱ्याला जायला धजत नसे. दवाखान्याच्या रांगेत गावचं कुणी भेटलं तर? म्हणून ताई दर महिन्याला गोळ्या आणत, मागाशेजारी बसत, त्याला हसवत. त्या आल्या की तो दोन दिवस नीट जेवायचा.

मग एकदा समोरच्या सायत्राकाकू ओट्यावरून म्हणाल्या, "मास्तर, हे बाई भलती चिकट हाय बा! सहा महिने झाले, लुगडं पाहूनच राहिली. घेते कवा?"

बायका हसल्या. मीही हसलो. आणि त्या दिवसापासून मला सगळीकडे तेच दिसू लागलं. काकू आमच्याकडे चहा का घेत नाहीत? मी आलो की शिक्षकांच्या खोलीत बोलणं का थांबतं? ताईंच्या वहीत मधूचं नाव आहे — ती वही आणखी कोण वाचतं? ताई स्वतः तरी गप्प राहत असतील का? भावाची काळजी वाटते, असं मी स्वतःला सांगत होतो. काळजी होती? की भाषण देणाऱ्या मास्तरच्याच घरात निघालं, असं लोक म्हणतील — एवढंच होतं?

एवढंच होतं.

पुढच्या महिन्यात ताई आल्या तेव्हा मधू न्हाणीत होता. पाण्याचा आवाज येत होता. मी त्यांना दारातच सांगितलं — मधू कामासाठी नागपूरला गेला, औषध आता तिथेच घेतो. एरवी अशा वेळी त्या दवाखान्यात फोन करून खात्री करत. पण समितीच्याच माणसाने सांगितलं. आणखी खात्री कसली? त्यांनी वहीत लिहून घेतलं. पुन्हा आल्या नाहीत.

मधू वाट पाहत राहिला. "दादा, ताई काहून नाही आल्या?" मी म्हणायचो, येतील. गोळ्या संपल्या. मी त्याला भंडाऱ्याला नेऊ शकलो असतो — बस रोज जाते. नेलं नाही. एके दिवशी माग थांबवून तो म्हणाला, "जाऊ दे दादा. तिलेबी माही किळस आली असन." त्याचा चेहरा मी पाहिला. एका वाक्याचं काम होतं. मी वर्तमानपत्राचं पान उलटलं.

त्यानंतर त्याने ताईंचं नाव काढलं नाही. खोकला सुरू झाला, टीबी निघाला. दवाखान्यात नेलं तेव्हा त्याच्यात काही उरलं नव्हतं.

तेरवीला निर्मलाताई आल्या. मधू गावातच होता, हे त्यांना तिथे कळलं. मला वाटलं, आता विचारतील. पण त्यांच्या मनात आलं ते वेगळंच — तो नागपूरहून परतला असेल आणि आपल्याला पत्ताच लागला नसेल. कोपऱ्यात येऊन त्यांनी हात जोडले. "सर, चूक माझी झाली. मी एक फोन करायला पाहिजे होता." त्या रडत होत्या.

मी म्हणालो, "जाऊ द्या, ताई. तुम्ही तरी काय करणार."

मी त्यांना माफ केलं.