न काढलेली पिन

बायकोला हे ठाऊक नाही. ज्याच्याबरोबर वीस वर्षं गॅरेज चालवतोय त्या धाकट्या भावालाही नाही. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून तुमच्यासमोर तोंड उघडतोय. ओळखीच्या माणसासमोर जमलं नसतं — जमलेलं नाहीच.

नाहूर स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर माझं गॅरेज आहे. सुनीलचा हात चांगला, असं लोक म्हणतात. मीही म्हणतो, जरा जास्तच म्हणतो. त्या हाताचंच सांगायचं आहे. की जिभेचं? अजून मला नीट ठरवता येत नाही.

मुलुंडच्या एका डॉक्टरांची डिझेल गाडी माझ्याकडे यायची. उंच, अवजड, तेरा वर्षं जुनी. नवी आली तेव्हापासून ती अंबादासभाऊ चालवायचे. मूळचे बुलढाण्याकडचे, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे. त्यांचे कान म्हणजे काय सांगू! आम्ही स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून आवाज शोधतो. ते नुसती मान तिरकी करायचे आणि सांगायचे, डावीकडून येतंय बघ. आणि तो तिथूनच यायचा. मी त्यांची थट्टा करायचो आणि आतून जळायचो. तेही आता कबूल करून टाकतो.

टेन्शनर गेल्याचं त्यांनीच पकडलं. सकाळी गाडी चालू केली की दोन-तीन सेकंद खडखड, मग गप्प. डॉक्टरांना ते ऐकूही आलं नव्हतं. इंजिनाच्या आत सायकलला असते तशी एक चेन असते, टायमिंग चेन. ती ताणून धरतो तो टेन्शनर. तो सैल पडला की चेन दातांवरून उडते आणि इंजिनाची वाट लागते. जुन्या गाडीत हे व्हायचंच. चेन आणि टेन्शनर, दोन्ही नवे टाकायचं ठरलं.

नवा टेन्शनर दाबून बंद केलेला येतो, त्यात एक बारीक पिन अडकवलेली असते. तो बसवायचा, पिन ओढायची, की तो उघडतो आणि चेनवर दाब देतो. मग इंजिन हातानं दोन फेरे फिरवून बघायचं आणि नंतरच कव्हर लावायचं. हे आम्हाला झोपेतही जमतं. मग मला का नाही जमलं? कारण मी फोन समोर उभा करून व्हिडिओ काढत होतो — आमच्या मेकॅनिक लोकांच्या ग्रुपवर टाकायला. जुन्या गाडीत टेन्शनर कसा बसवावा हे मी जगाला शिकवत होतो. बोलता बोलता कव्हर लावलं. व्हिडिओखाली पंचवीस-तीस अंगठे आले. त्यात पिन स्पष्ट दिसत होती, पण एकाचंही तिकडे लक्ष गेलं नाही.

तिसऱ्या दिवशी अंबादासभाऊ गाडी घेऊन दारात.

"सुनील, आवाज गेला नाही रे. आधी थोडा वेळ यायचा, आता थांबतच नाही."

मी बॉनेटसुद्धा उघडलं नाही. म्हटलं, "भाऊ, चेन नवीन आहे, बसायला वेळ घेते. तुमचे कान वाजतात." चहाला आलेले दोघं-तिघं हसले. भाऊही हसले. दोन दिवसांनी पुन्हा आले, मी पुन्हा तेच ऐकवलं.

आठवड्याभरात ऐरोलीच्या पुलावर इंजिन बंद पडलं. मागे डॉक्टरांची म्हातारी आई बसली होती. तिला काही झालं नाही, एवढंच नशीब. गाडी ओढून माझ्याकडे आणली.

दुपारची वेळ होती, माझा धाकटा भाऊ जेवायला घरी गेला होता. मी कव्हर उघडलं आणि — पिन. जशीच्या तशी, भोकात. चेन दातांवरून उडालेली, म्हणजे आतले व्हॉल्व्ह वाकलेलेच. इथपर्यंत चूक होती, नाही का? चूक कुणाचीही होते. डॉक्टर भला माणूस, चिडला असता, पण खाल्लं नसतं मला. तरी मी काय केलं? पक्कडीनं पिन ओढली आणि मागच्या नाल्यात टाकली. इंजिनातलं ऑइल सगळं काढून टाकलं, म्हणजे कुणी पातळी बघायला नको. ग्रुपवरचा आणि फोनमधलाही व्हिडिओ पुसला. हात धुतले. मग डॉक्टरांना फोन केला.

ते आले, अंबादासभाऊही आले. मी म्हणालो, ऑइल गळून कमी झालं होतं, समोरची ऑइलची लाल लाईट लागली असणार, भाऊंच्या लक्षात आली नाही.

"लाईट नव्हती लागली साहेब," भाऊ म्हणाले, "आणि आवाजाचं तर मी याला..."

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. खांद्यावर का ठेवला असेल? मऊ आवाजात म्हणालो, "भाऊ, तो आवाज वेगळा होता. तो चेन बसायचा. नंतर आवाज बदलला, तो तुम्हाला कळला नाही."

मला वाटलं, भांडतील. भांडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मान तिरकी केली, बराच वेळ आठवत राहिले. माझ्यावर विश्वास होता ना त्यांचा. शेवटी म्हणाले, "असेल. वय झालं आता."

डॉक्टर ओरडले नाहीत. महिनाअखेर त्यांनी भाऊंना मानानं निरोप दिला. भाऊंनी त्यानंतर स्टिअरिंगला हात लावलेला नाही. मानखुर्दला एका सोसायटीच्या गेटवर बसतात. दुसऱ्या गाड्या मिळत होत्या. आपल्यामुळे कुणाचा तरी जीव जाईल, म्हणून नको म्हणाले. हे मला लोकांकडून कळलं, आणि मी मान हलवून अरेरे म्हटलं.

गेल्या रविवारी ते आले होते. जावयानं जुनी छोटी गाडी घेतलीय, ती दाखवायला. जावई चालवत होता, भाऊ मागे बसले होते. माझ्याकडे बोट दाखवून ते त्याला म्हणाले, "गाडीत कसलाही आवाज आला तर यालाच विचार. माझ्या कानावर जाऊ नकोस."

आम्ही तिघंच होतो. घाई कुणालाच नव्हती. मी म्हणालो, "बघतो ना, भाऊ," आणि बॉनेट उघडलं.

त्यांचे कान बरोबर होते. तिसऱ्या दिवशीही आणि पाचव्या दिवशीही. हे मी तुम्हाला सांगितलं. त्यांना नाही.