मागचं दार

तेव्हा मी हिंगणघाटच्या एका सायबर कॅफेत दुकानदारांच्या वेबसाइटचा मजकूर लिहून देत असे. एकदा एक म्हातारा गादीवाला आला. बोलता बोलता तो बाहीवर चिकटलेला कापूस टिपायचा आणि खाली न टाकता खिशात ठेवायचा.

तो सांगत गेला तसा मी टाइप करत गेलो, आणि हबकलोच. वडिलांचे कष्ट, आईच्या हातची भाकर, अंगणातला कडुलिंब, सगळं होतं. गाद्यांबद्दल अक्षर नाही, फोन नाही, पत्तासुद्धा नाही! वर शेवटी म्हणाला, "मागचं दार उघडंच राह्यते, असं लिहा."

ती ओळ मी टाइप केली आणि लगेच खोडली.

"अहो, गिऱ्हाईक मागच्या दारानं कशाला येईल? आणि पत्त्याशिवाय दुकान सापडणार कसं?"

"पत्ता काऊन पाहिजे, साहेब? त्याले घर मालूम हाय."

"कोणाला?"

"माह्या लहान्या भावाले. भांडून गेलता, त्याच दारानं. कुठं हाय, कोणालेच मालूम नाई. पण कॉम्प्युटर तं सगळीकडंच दिसते म्हणतात."

तो बाहीवरचा कापूस टिपत राहिला.

खोडलेली ओळ मी पुन्हा टाइप केली, सगळ्यात वर.