माझं बाद मत

गिरगावात एका निवृत्त दातांच्या डॉक्टरांकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी आम्ही सात-आठ जण जॅझ ऐकायला जमतो. बाकीचे बहुतेक वकील, आर्किटेक्ट. घरात वडिलांच्या वेळच्या रेकॉर्डी असलेले. मी लालबागची, गिरणी कामगाराची मुलगी, परळच्या एका इस्पितळात रक्त तपासते. जॅझ मला वारशाने मिळालं नाही. लॅबमधल्या एका सहकाऱ्याने निवृत्त होताना दोन कॅसेटी हातात ठेवल्या. त्या झिजेपर्यंत ऐकल्या, तेवढंच माझं शिक्षण.

दर वर्षअखेरीस परदेशातले जॅझ समीक्षक मतदान करून त्या वर्षीच्या उत्तम रेकॉर्डींची क्रमवार यादी काढतात. डॉक्टर ती छापून प्रत्येकाला देत आणि पुढचे महिने आम्ही वरून खाली ऐकत जायचो. मीही मान डोलवायची. एखादी रेकॉर्ड आवडली नाही तर वाटायचं, आपलाच कान कच्चा.

पाच वर्षांपूर्वी पहिल्या क्रमांकाची रेकॉर्ड लागली. संपल्यावर सगळे "वा, काय उंची आहे!" म्हणाले. माझ्या तोंडून निघून गेलं, "मला कंटाळा आला."

डॉक्टर हसले. "अहो, जगभरच्या समीक्षकांनी निवडलीय ती."

"त्यांनी निवडली असेल. कंटाळा मला आलाय."

चहा आला म्हणून निभावलं. पण डॉक्टरांना ते लागलं असावं. पुढच्या वेळी त्यांनी जाहीर केलं की आपणही आपलं मतदान घेऊ. प्रत्येकाने दहा नावं क्रमाने लिहायची.

मी एकच लिहिलं. एका बाईने घरी एकटीने वाजवलेला डबल बास, ते माणसाच्या उंचीचं, जाड तारांचं वाद्य. ती रेकॉर्ड मला जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर सापडली होती. तारेवर बोट घसटल्याचा आवाज, मध्येच तिचा श्वास. कुठल्याच यादीत तिचं नाव नव्हतं.

"दहा लिहायची असतात," डॉक्टर कागद परत देत म्हणाले.

"वर्षभरात मला एकच मनापासून आवडली."

"मग मत बाद होईल."

"करा बाद. पण एकदा लावून तरी बघा."

"यादीत नसलेलं लावत बसलो तर दिवस पुरायचा नाही."

मी कागद त्यांच्या टेबलावर तसाच ठेवला आणि सगळ्यांना म्हटलं, "पुढच्या रविवारी लालबागला माझ्या घरी या. दहा वाजता. तिसरा मजला, लिफ्ट नाही."

आले दोघं. मंडळातले सगळ्यात वयस्कर आर्किटेक्ट आणि, माझा विश्वासच बसेना, धापा टाकत डॉक्टर. चाळीच्या त्या एका खोलीत दोघं पलंगावर, मी जमिनीवर, आणि माझी आई दाराशी कोळंबी सोलत बसलेली. आईला जॅझ म्हणजे काय ते माहीत नाही. ऐकणार का, हे तिला विचारायची सोयही नव्हती. काही लावलं की ते घरातल्या सगळ्यांना ऐकावंच लागतं.

रेकॉर्ड संपली. आर्किटेक्ट डोळे मिटून होते. डॉक्टर म्हणाले, "स्पष्ट सांगू? विस्कळीत आहे."

मला राग आला नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी कागदात न बघता मत दिलं होतं.

आईने हात धुतले. "ही बाय एकटीच वाजवता? बरोबर कोण नाय?"

"नाही गं."

"माका नाय आवडला," ती म्हणाली. मग पदराला हात पुसत, "पण ती मधीच गप होता मा, तो तुकडो परत लाव."

मी लावला. डॉक्टर या वेळी पुढे वाकून ऐकत होते. मत त्यांनी बदललं नाही, आणि मी ते बदलायला गेले नाही. कोळंबीचं कालवण मात्र तिघांनाही आवडलं.

गिरगावचं मतदान अजून होतं. परदेशची यादीही छापली जाते. फरक एवढाच की आता प्रत्येक रेकॉर्डीनंतर कुणीतरी "नाही पटली" म्हणतंच, आणि खोलीत वाद पेटतो. मी दरवर्षी मला खरोखर आवडली असतील तेवढीच नावं लिहिते. कधी दोन, कधी तीन. गेल्या वर्षी एकही नाही. कोरा कागद दिला, खाली सही करून. माझं मत दरवर्षी बाद होतं. डॉक्टर मोजणी वाचताना तेही मोठ्याने वाचतात, कारण मी तसं वाचायला लावते.